ओव्हरहेड लाइनवर वीज पडली आणि पुढे केबल असेल तर सर्जचं (व्होल्टेजच्या अचानक उठणाऱ्या लाटेचं) काय होतं? केबल मातीत, पाण्यात की बोगद्यात, याने फरक पडतो का?

सर्जच्या दृष्टीने ओव्हरहेड लाइन साधारण 400 ओहम अडथळ्याची, केबल जेमतेम 40 ची. म्हणून 100 केव्हीची लाट खांबावरून केबलमध्ये शिरताना सुमारे 18 केव्हीच उरते. ऐकायला बरं वाटतं, पण इथेच लोक फसतात. पलीकडचं टोक उघडं असेल, किंवा तिथे ट्रान्सफॉर्मर असेल, तर लाट आपटून जवळजवळ दुप्पट होते, मागे फिरते, पुन्हा येते. केबल आखूड असेल तर या येरझारा पटापट होऊन व्होल्टेज पायरीपायरीने चढतं. त्यामुळे अरेस्टर (जादा व्होल्टेज जमिनीत उतरवणारं उपकरण) दोन्ही टोकांना हवाच.

आता परिसर. कंडक्टर आणि स्क्रीन (इन्सुलेशनवरचा धातूचा थर) यांच्यामधल्या लाटेला बाहेर माती आहे की पाणी, याचं फारसं सोयरसुतक नसतं. वेग ठरतो इन्सुलेशनवर. एक्सएलपीईमध्ये (केबलचं नेहमीचं प्लास्टिक इन्सुलेशन) तो मायक्रोसेकंदाला साधारण 170 मीटर, हवेतल्या लाइनवर 300 च्या आसपास. फरक पडतो स्क्रीन आणि जमीन यांच्यामध्ये. बोगद्यात ब्रॅकेटवर टांगलेल्या केबलच्या बाहेरच्या आवरणावर ओल्या मातीतल्यापेक्षा जास्त ताण येतो.

आणि कृपा करून अरेस्टरची अर्थिंगची तार वेटोळं करून ठेवू नका. सरळ, आखूड खाली न्या.