निसर्गोपचार शिबिरात सिकलसेलच्या (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराच्या) मुलीला उपवास, मातीपट्टी चालेल का?
नाही, अहवालात एसएस (म्हणजे प्रत्यक्ष आजार) असेल तर निर्जळी उपवास, थंड मातीपट्टी, गार पाण्याचं टबस्नान तिला अजिबात देऊ देऊ नका. अंगातलं पाणी घटलं किंवा शरीर गारठलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय असह्य ठणकतात. अपाय न करणं हे निसर्गोपचाराचंच तत्त्व आहे. बीएनवायएस ही निसर्गोपचार व योगाची साडेपाच वर्षांची पदवी घेतलेला डॉक्टर आधी रिपोर्ट मागतो. न विचारता सगळ्यांच्या पोटावर माती थापणाऱ्याकडे मुलीला नेऊच नका. भरपूर पाणी, भाकर-भाजी, हलका प्राणायाम चालेल. नुसती वाहक (एएस) असेल तर एवढी भीती नाही, पण एसएस की एएस हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसीसारख्या हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणाऱ्या तपासणीने कळतं, आरोग्य केंद्रातल्या प्राथमिक सोल्युबिलिटी चाचणीने नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचं औषध सुरू असेल तर शिबिरासाठी बंद करू नका.