स्वतंत्र भूलतज्ज्ञांना आजारपणाची भरपगारी रजा मिळते का?

प्रश्न : मी पुण्यात 9 वर्षे स्वतंत्र भूलतज्ज्ञ म्हणून चार-पाच रुग्णालयांत बोलावणे येईल तसे काम करते. पावसाळ्यात स्कूटर घसरून उजवे मनगट मोडले आणि पाच आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. त्या काळात एक रुपयाही मिळाला नाही. ज्या रुग्णालयात माझे निम्म्याहून अधिक काम असते, त्यांच्याकडे भरपगारी रजा मागता येईल का?

उत्तर : तुम्ही वर्णन केलेल्या व्यवस्थेत तसा हक्क मिळत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. शस्त्रक्रियागृहात तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेचा पगार विहित मर्यादेत असेल, तर कर्मचारी राज्य विमा योजनेतून तिला आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळू शकते. तुम्हाला नाही, कारण हा लाभ नोकरदारांसाठी आहे.

नोकरी कशाला म्हणायचे, याचा विचार मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये पुण्याच्याच रुबी हॉल क्लिनिकच्या प्रकरणात केला. वाद करकपातीचा होता, रजेचा नव्हता. तरीही भविष्यनिर्वाह निधीसारखे लाभ नसलेल्या आणि खासगी प्रॅक्टिसची मोकळीक असलेल्या डॉक्टरांचे मानधन पगार ठरत नाही, हा त्यातील निष्कर्ष तुमच्या परिस्थितीला जवळचा आहे. मात्र तुमच्या करारात ड्यूटीचे ठरावीक तास, ठरलेली मासिक रक्कम आणि अन्यत्र काम करण्यास मनाई असेल, तर वर 'कन्सल्टंट' लिहिलेले असले तरी तो कामगार कायद्याच्या वकिलाला अवश्य दाखवा.

विम्याबाबत बहुतेकांची गल्लत होते. मेडिक्लेम रुग्णालयाचे बिल भरतो, बुडालेली कमाई नाही; 'हॉस्पिटल कॅश'चे पैसेही दाखल असलेल्या दिवसांचेच मिळतात. घरी प्लास्टर घालून बसलेल्या माणसाच्या उपयोगी पडते ते वैयक्तिक अपघात विम्यातील तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचे साप्ताहिक भरपाईचे कलम. ते पॉलिसीत आहे ना, हे वाचून घ्या. डेंग्यू किंवा काविळीला मात्र ते सहसा लागू होत नाही.

म्हणून रजा स्वतःच्या दरातच धरावी लागते. वर्षात चार आठवडे सुट्टी आणि दोन आठवडे आजारपण धरले, तर 46 आठवड्यांच्या कमाईत 52 आठवडे भागवायचे आहेत. म्हणजे जमा होणाऱ्या दर शंभर रुपयांतले सुमारे साडेअकरा वेगळ्या खात्यात टाकावेत आणि दर केसचे शुल्क ठरवताना हे बोलून दाखवायला संकोचू नये. आपल्याकडे डॉक्टर हे बोलत नाहीत, याचे मला वाईट वाटते. दोन-तीन सहकारी भूलतज्ज्ञांशी परस्परांच्या केसेस सांभाळण्याचे आधीच ठरवून ठेवा आणि तुमच्या सर्जनांनाही ती नावे कळवून ठेवा.