बारावीला ५१ टक्के. वकील होता येईल का?

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातील विद्यार्थिनी आहे. बारावी कला शाखेत ५१ टक्केच मिळाले. वकिलीचा विचार सोडून द्यावा का?

उत्तर : मुळीच सोडू नका. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी खुल्या प्रवर्गालाही बारावीत ४५ टक्के पुरतात, आणि प्रवेश मिळतो तो राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतील गुणांवर. तेव्हा कायदेविषयक अभियोग्यता, तर्कक्षमता आणि सामान्य ज्ञानाच्या तयारीला आजच लागा. इंग्रजीची धास्ती आपल्याकडे फार असते, हे मी जाणतो. परंतु जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि सातबारा व फेरफार बारकाईने वाचू शकणारा वकील शेतजमिनीच्या दाव्यात पक्षकाराला हवाच असतो. यंदा प्रवेश हुकलाच, तर पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मात्र महाविद्यालयाला बार कौन्सिलची मान्यता असल्याची खात्री आधी करा.