काकांचा १९९० सालचा गोल्फ सेट वापरू की नवा घेऊ?

प्रश्न असा आहे: "कोल्हापुरात राहतो. काकांनी त्यांचा १९९० च्या सुमाराचा सेट मला दिलाय. ३ नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत आयर्न, एक सँड वेज, सगळे स्टीलच्या शाफ्टचे (दांड्याचे). शिवाय लाकडी ड्रायव्हर आणि साधा पटर. ओळखीचे सगळे म्हणतात, तंत्रज्ञान बदललं, नवा घे. नवा सेट लाखाच्या पुढे जातोय. जुन्यावर भागेल का?"

भागेल. आयर्न (नंबरवार लोखंडी हेडचे क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या), वेज (जवळच्या, उंच उठणाऱ्या फटक्यांचे) आणि पटर (भोकाजवळ चेंडू घरंगळवायचा) ठेवा. ड्रायव्हर (सगळ्यात लांब फटक्याचा) तेवढा बदला, आणि तोही कोरा घेऊ नका, वापरलेला बघा. वाचलेल्या पैशातले थोडे ग्रिपवर (मुठीच्या रबरावर) आणि लॉफ्ट-लाय (हेडच्या तोंडाचा मागचा झुकाव आणि शाफ्टचा जमिनीशी कोन) तपासण्यावर घाला, बाकीचे प्रत्यक्ष कोर्सवर खेळण्यावर. पुण्याला जाऊन खेळत असाल तर एकेरी अंतरच सव्वादोनशे किलोमीटरच्या पुढे आहे. तिथे चार फेऱ्या जास्त झाल्या तर नव्या सेटपेक्षा खेळ जास्त सुधारेल.

"नवे आयर्न लांब जातात" हे तुम्ही ऐकलं असेल. जातात, पण का जातात ते बघा. १९९० च्या आसपास ७ नंबरचा लॉफ्ट साधारण ३५-३६ अंश असायचा आणि ५ नंबरचा २८. आज नवशिक्यांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक सेटमध्ये ७ नंबरच २८ ते ३० अंशांचा असतो, शाफ्टही पाव-अर्धा इंच लांब. म्हणजे काकांच्या ५ नंबरवर ७ चा आकडा कोरलाय. दुकानात दोघांचे ७ नंबर शेजारी-शेजारी मारून दाखवतात तेव्हा खरी तुलना ७ आणि ५ ची चाललेली असते. नव्या हेडचं (चेंडूला लागणाऱ्या भागाचं) खरं श्रेय वेगळं आहे. वजन तळाशी आणि कडांना नेल्यामुळे कमी लॉफ्ट असूनही चेंडू उंच उठतो, आणि मध्यभाग चुकला तरी अंतर कमी घटतं. हा फायदा खराच आहे, नाकारू नका.

या आकडेबदलाचा भुर्दंड वेजमध्ये बसतो. काकांचा पिचिंग वेज ४८-४९ अंशांचा असेल, सँड वेज ५५-५६ चा. मधे ७ अंश, अर्ध्या स्विंगने भरून निघतात. नव्या सेटचा पिचिंग वेज ४३ च्या आसपास येतो, मग ४८-४९ चा एक वेज वेगळा विकत घ्यावा लागतो.

आता सेट ओळखा. हेडची पाठ सपाट, भरीव असेल तर ते ब्लेड. पाठीमागे खळगा आणि कडांना वजन असेल तर कॅव्हिटी बॅक. ही दुसरी रचना कार्स्टन सोल्हाइमने रुजवली. त्याच्या पिंग कंपनीचा १९८२ चा आय-२ हा सेट आजही लोक खेळतात. कॅव्हिटी बॅक असेल तर नवशिक्यालाही निर्धास्त चालेल. ब्लेड असेल तर ३ आणि ४ नंबर बॅगेबाहेर ठेवा, त्यांच्या जागी वापरलेला एक ५ वूड किंवा हायब्रिड (जाड हेडचे, लांब फटका सहज उचलणारे क्लब) घ्या. नवशिक्याच्या स्विंगच्या वेगात २१ अंशांचं ब्लेड चेंडू उचलतच नाही.

दुसरी ओळख घडीव (ठोकून आकार दिलेलं) की ओतीव (साच्यात ओतलेलं). कोल्हापूरच्या शिरोली-उद्यमनगरमधल्या कारखान्यांच्या माणसाला हा फरक समजावायला नको, पण एक घोटाळा होतो. लोहचुंबक लावून कळेल असं वाटतं, आणि कळत नाही. घडीव हेड मऊ कार्बन स्टीलचं असतं. ओतीव हेड बहुधा १७-४ जातीच्या स्टेनलेसचं, मेणाच्या साच्यातून ओतलेलं, आणि चुंबक त्यालाही चिकटतं. त्यापेक्षा पृष्ठभाग बघा. आरशासारखा क्रोमचा मुलामा असेल तर बहुधा घडीव, कारण कार्बन स्टील मुलाम्याशिवाय गंजतं. मुलाम्याशिवायचा मंद करडा असेल तर बहुधा ओतीव. घडीव हेडची मान (शाफ्ट जिथे शिरतो तो भाग) दोन अंश सहज वाकवता येते. १७-४ ची मान एखादा अंश देते आणि मग तडकते.

पहिला चेंडू मारण्याआधी प्रत्येक क्लबची तपासणी करा, यात हयगय नको. तीस-पस्तीस वर्षांत हेड शाफ्टला चिकटवणारं एपॉक्सी सुटलेलं असू शकतं, आणि सुटलेलं हेड समोरच्याच्या डोक्यात बसू शकतं. एका हाताने हेड, दुसऱ्याने ग्रिप धरून पिळा. जरासा कर्र आवाज आला, किंवा हेड आणि वरची काळी प्लॅस्टिकची कडी यांच्यात फट दिसली, तर तो क्लब बाजूला ठेवा. मग शाफ्टवरून नख फिरवा, विशेषतः कडीच्या वरच्या दोन इंचांवर. वरवरचा गंज तेल लावलेल्या अगदी बारीक स्टील वूलने निघतो. नख अडकेल असे खड्डे असतील तर शाफ्ट बदलायचा, कारण स्टीलचा शाफ्ट तिथूनच मोडतो. ग्रिप काढल्यावर शाफ्ट उलटा करून ठोका. तांबूस भुकटी भरपूर पडली तर आत पाणी राहिलेलं आहे. तोही शाफ्ट गेला समजा.

हेड पुन्हा बसवायचं असेल तर हीट गनने मानेला मिनिट-दोन मिनिटं ऊब द्या आणि हेड पिळून काढा. गॅसची ज्योत नको, मुलामा निळा पडतो. शाफ्टचं टोक आणि मानेचं भोक पॉलिश पेपरने खरखरीत करा, पुसून कोरडं करा, चोवीस तासांत घट्ट होणारं दोन नळ्यांचं एपॉक्सी भरा. पाच मिनिटांवालं वापरू नका. ते ठिसूळ असतं, लवकर सुटू शकतं. नवा शाफ्ट मागवण्याआधी टोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा. आयर्नमध्ये ०.३५५ इंचाचं निमुळतं आणि ०.३७० इंचाचं सरळ असे दोन प्रकार आहेत, एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

ग्रिप मात्र सगळ्या बदलाच. एवढ्या वर्षांत रबर काचेसारखं कडक होतं. गुळगुळीत ग्रिप सुटू नये म्हणून माणूस मूठ आवळतो, मनगट आखडतं, आणि दोष क्लबला लागतो. जुनी ग्रिप वाकड्या पात्याच्या कटरने, पातं आपल्यापासून दूर चालवत कापा. खालची चिकटपट्टी गरम करून खरवडा. मग शाफ्टचं वरचं टोक मोजा. १५.२ मिलिमीटर म्हणजे ०.६०० इंच, १४.७ म्हणजे ०.५८०. ग्रिपच्या तोंडाशी आत ६० किंवा ५८ असा आकडा असतो, तो जुळवा. ५० मिलिमीटर रुंदीची दुहेरी चिकटपट्टी लांबीच्या दिशेने लावा, वर सेंटीमीटरभर बाहेर ठेवून आत दुमडा, म्हणजे शाफ्टचं तोंड बंद होऊन पाणी आत जात नाही. ग्रिपच्या टोपीवरच्या भोकावर बोट ठेवून आत व्हाइट स्पिरिट ओता, हलवा, तेच पट्टीवर ओता, आणि ग्रिप एका दमात शेवटपर्यंत ढकला. मधे थांबलात तर अडकते. रेषा सरळ करायला मिनिटभर मिळतो. पेट्रोल किंवा रंगाचा थिनर नको. दोन्ही रबर खातात, आणि आगीचा धोका वेगळाच. एरवी एक रात्र पुरते, पण जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत दोन दिवस हात लावू नका. जाडी बरोबर आहे का ते डाव्या हाताने बघा: मूठ मिटल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकावीत. कमी जाड वाटली तर पट्टीचा आणखी एक थर द्या.

लॉफ्ट घरी मोजता येतो. क्लब वाइसमध्ये कापड गुंडाळून असा धरा की हेडवरच्या खाचा पाणसळीने आडव्या येतील आणि हेडच्या टोकाच्या (शाफ्टपासून दूरच्या) बाजूने पाहिलं की शाफ्ट ओळंब्यात दिसेल. मग मोबाइलमधला कोनमापक हेडच्या तोंडाला टेकवा. उभ्या रेषेपासून जितके अंश, तितका लॉफ्ट. सगळे क्लब मोजून लिहून काढा. लागोपाठच्या दोघांत ३ ते ४ अंश, खाली वेजकडे ४ ते ५ असायला हवेत (पिचिंग आणि सँड वेजमधले ७ सोडून). कुठे एक आणि पुढे सहा निघाले तर मधला क्लब कधीतरी दगडावर आपटून वाकलाय. घडीव असेल तर तो सरळ करून घ्या, पण त्यासाठी लॉफ्ट-लायचं यंत्र असलेला माणूस शोधा. साध्या वाइसमध्ये शाफ्ट धरून ओढला तर मान राहते तशीच आणि शाफ्टला मोड येतो.

लाय तपासायला चेंडूच्या मागे मार्करने उभी रेघ ओढा, ती बाजू क्लबकडे ठेवून मारा. हेडवर उमटलेली रेघ खाचांशी काटकोनात असेल तर ठीक. रेघेचं वरचं टोक हेडच्या टोकाकडे झुकलं तर क्लब तुम्हाला जास्त उभा पडतो आणि उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो. टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) झुकलं तर उलटं. काका तुमच्यापेक्षा चार इंच बुटके असतील तर हे दुसरं सापडू शकतं.

आणि शाफ्टवरची ताठपणा लिहिलेली छापील पट्टी वाचा. काका दणकट स्विंगचे असतील आणि पट्टीवर एस (ताठ) किंवा एक्स (अतिताठ) असेल, तर तो शाफ्ट तुम्हाला ताठ पडू शकतो. चेंडू सतत खालून आणि उजवीकडे जातो. लाय बरोबर करूनही हे थांबलं नाही, तर सेट सोडून द्यावा या मताचा मी आहे. नऊ शाफ्ट बदलण्यात अर्थ नाही. तसाच तो कापून घरच्या मुलांना देऊ नका. कापलेला शाफ्ट आणखी ताठ होतो आणि हेडचं वजन तेवढंच राहतं.

वेजच्या खाचा नायलॉनच्या ब्रशने साफ करा, अवजाराने कोरून धारदार करू नका, क्लब नियमाबाहेर जातो. खाचांचे नियम २०१० पासून कडक झाले. त्याआधीचे आयर्न हौशी खेळात चालतात, पण स्पर्धेत उतरणार असाल तर तिथला स्थानिक नियम आधी विचारा. सँड वेजचं तोंड घासून गुळगुळीत झालं असेल तर आयर्नपैकी तेवढा एक नवा घेणं पटतं.

ड्रायव्हरबद्दल मात्र जुन्याचा हट्ट धरू नका. लाकडी हेड नव्याच्या निम्म्याहून लहान, शाफ्ट ४३ इंचांचा, आणि तोंड स्प्रिंगसारखं दबत नाही. टायटॅनियमचं पातळ तोंड दबतं. पण या दबण्यावर आणि ४६० घन सेंटीमीटर आकारावर नियमांची मर्यादा २००८ पासून तरी तीच आहे. म्हणून २००८-१० चा चांगला ड्रायव्हर मध्यावर बसला की आजच्याइतकाच वेग देतो. नव्यात सुधारणा झाली ती मध्य चुकल्यावरच्या फटक्यात. वापरलेला घेताना वरच्या बाजूला केसासारखी चीर आहे का बघा, हलवून आत काही खडखडतं का ऐका, आणि तोंडाला लोहचुंबक लावा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर तोंड टायटॅनियमचं नाही, परत द्या. मॉडेलचं नाव आर अँड ए च्या (गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या) मान्य ड्रायव्हरच्या यादीत आहे का तेही पाहून घ्या. २००० च्या सुमाराचे काही ड्रायव्हर मर्यादेबाहेरचे आहेत.

लाकडी ड्रायव्हर विकू नका. कोरड्या दिवसांत, मऊ चेंडूवर मारा. सरावाचे कडक चेंडू त्याच्या तोंडाला चिरा पाडतात. मानेभोवतीचा दोरा सुटला तर लगेच पुन्हा गुंडाळून घ्या. जून ते सप्टेंबर त्याला मेणाचा हात देऊन घरात कोरड्या कपाटात ठेवा. ओल्या कव्हरमध्ये राहिला तर लाकूड फुगतं आणि तोंडातली चकती सैल होते.

पटरला फक्त ग्रिप. बॅगेत काकांचे जुने चेंडू निघाले तर ते मारू नका, नवे एकाच जातीचे डझनभर घ्या. आणि पूर्ण बॅग गाडीच्या डिकीत सोडू नका. एप्रिल-मेच्या उन्हात तिथली उष्णता जुनं एपॉक्सी सैल करते, पावसाळ्यात ओल ग्रिपमधून शाफ्टमध्ये उतरते. खेळून आलात की क्लब बाहेर काढून पुसा, ग्रिप वर आणि हेड खाली असे उभे करून रात्रभर वाळू द्या.