‘धाकटी रांगत होती तेव्हापासून’

प्रश्न : आमचा पाडा सातपुड्यात आहे. आई फक्त पावरी बोलते. तिचा वनपट्ट्याचा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा, दावा नामंजूर करण्याची शिफारस उपविभागीय समितीने केली आहे. कारण दिलंय, ‘13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा सिद्ध होत नाही.’ 2019 च्या स्थळ पंचनाम्यात आईच्या नावाने ‘12 वर्षांपासून जमीन कसते’ असं लिहून अंगठा घेतलाय. ती म्हणते, मी ‘धाकटी रांगत होती तेव्हापासून’ असं सांगितलं होतं. तिचं बोलणं मराठीत सांगणारा वनरक्षक होता. पत्र आई बाजाराला गेली असताना काकांच्या हातात दिलं, त्याला 41 दिवस झाले. कार्यालयात पावरीत लिहिलेला अर्ज नेला, तर ‘मराठीतच आणा’ म्हणून परत केला. मी सुरतला कामाला आहे. आता काय करावं?

उत्तर : भाऊ, भाषेचं भांडण जरा बाजूला ठेवा, आधी दिवस मोजा. उपविभागीय समितीच्या शिफारशीविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे याचिका करायला 60 दिवस असतात. तुमच्या हाती 19 उरलेत. समितीला वाटलं तर ती आणखी 30 दिवस देऊ शकते, पण ते तिच्या मर्जीवर. त्या भरवशावर राहू नका. वनहक्क नियमांत 2012 साली सुधारणा झाली, तेव्हापासून असा निर्णय दावेदाराला व्यक्तिशः कळवायचा आहे. काकांना पत्र दिलं म्हणजे आईला कळवलं असं होत नाही, हा मुद्दा याचिकेत घ्याच. मात्र मुदत मोजताना पत्र आईलाच मिळालं असं धरून चाला.

आता पंचनामा. 2019 मधून 12 वर्षं वजा केली की 2007 येतं, म्हणजे कागदावर ताबा 2005 नंतरचा ठरतो. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. अंगठ्याच्या वर ‘वाचून दाखवले, बरोबर आहे’ एवढी एकच ओळ आहे. कोणत्या भाषेत वाचून दाखवलं? कोणी समजावलं? दुभाष्याचं नाव नाही, सही नाही. तुमची सगळी केस या रिकाम्या जागेत आहे. त्यातही दुभाष्या कोण, तर वनखात्याचा माणूस. ज्या खात्याच्या जमिनीवर दावा आहे, त्याच खात्याच्या तोंडून दावेदाराचा जबाब लिहिला गेला. त्याने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, तुम्हीही लिहू नका. समोर उभी असलेली पोरगी बारा वर्षांची दिसली असेल आणि त्याने हिशेब केला असेल. आपण एवढंच म्हणायचं, की ‘12 वर्षे’ हे शब्द आईचे नाहीत.

माझ्या घरी अहिराणी बोलतात. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका म्हाताऱ्या साक्षीदाराने सांगितलं, ‘मना आंडोर वावरमा व्हता.’ माझा मुलगा शेतात होता, एवढंच. बाहेरगावहून आलेल्या लिहिणाऱ्याने उतरवलं, ‘आंडोर नावाचा इसम शेतात होता.’ अहिराणी मराठीच्या इतकी जवळ, तरी ही गत. पावरीचं काय होत असेल, ते तुम्ही मला सांगावं.

अर्ज परत केला ते चूकच. गाऱ्हाणं दूर व्हावं म्हणून राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन द्यायचा अधिकार राज्यघटनेचा अनुच्छेद 350 देतो. ती भाषा आठव्या अनुसूचीत, म्हणजे घटनेतल्या भाषांच्या यादीत, असली पाहिजे, अशी अट त्यात नाही. पण खरं सांगायचं तर हा अधिकार निवेदन देण्याचा आहे. उत्तरही पावरीतच द्या, असा आग्रह त्यातून धरता येणार नाही. राज्याची राजभाषा मराठी आहे. म्हणून याचिका मराठीत करा, सोबत आईचं निवेदन पावरीत, देवनागरीत लिहून जोडा. ‘आमची भाषा नाकारली’ या एका मुद्द्यावर उच्च न्यायालयात जायचा विचार तुम्ही पत्रात बोलून दाखवलाय. मी नको म्हणेन. त्यात वर्षं जातील आणि पट्टा तिथेच राहील.

एक निकाल मात्र जोडा : हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1962. स्थानबद्धतेची कारणं इंग्रजीत दिली होती, त्या माणसाने हिंदीत मागितली, ती दिली नाहीत. तोंडी समजावलं होतं, हे सरकारचं म्हणणं सर्वोच्च न्यायालयाने पुरेसं मानलं नाही. ते प्रकरण स्थानबद्धतेचं होतं, वनहक्काचं नाही, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लागू होत नाही. पण ‘कळवणं’ म्हणजे समोरच्याला समजेल असं कळवणं, हे सांगायला उपयोगी पडेल.

खरी ताकद तुमच्या ग्रामसभेत आहे. सरकारी व्यवस्थेत पावरीत चालणारी तुमच्याकडची हीच एक जागा. नियमांप्रमाणे दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले जबाब हा पुरावा धरला जातो. बांध, विहीर, झोपडी अशा जमिनीवरच्या खुणाही चालतात. आणि तुमच्या बहिणीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मसाल 2003 आहे म्हणता! ती रांगत होती म्हणजे 2004 च्या आसपास. नुसता दाखला ताबा सिद्ध करत नाही, हे लक्षात घ्या. दोन-तीन म्हाताऱ्यांनी ‘ही पोर रांगत होती तेव्हा हिची आई हीच जमीन खेडत होती’ असं सांगितलं, की दाखला त्या वाक्याला साल देतो.

याचिकेत मागणी एवढीच ठेवा : आईचं म्हणणं पावरी जाणणाऱ्या, वनखात्याबाहेरच्या दुभाष्यामार्फत पुन्हा नोंदवावं आणि दावा फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवावा. तसं परत पाठवायची तरतूद आहे, आणि बाजू मांडायची वाजवी संधी दिल्याशिवाय याचिका निकाली काढता येत नाही. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत आईला जमिनीवरून उठवताही येत नाही. पंचनामा आणि समितीच्या इतिवृत्ताच्या नकला आजच मागा. माहिती अधिकारात 30 दिवस लागतात, तुमच्याकडे तेवढे नाहीत; नकला मागून जोडू असं लिहून याचिका दाखल करा, पोच घ्या.

वकिलाचा खर्च नको. आदिवासी म्हणूनही आणि स्त्री म्हणूनही, उत्पन्न कितीही असलं तरी, आईला मोफत विधी सेवा मिळते. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा.

नव्या जबाबावर अंगठा देण्याआधी खाली हे लिहून घ्या : ‘वरील मजकूर दावेदारास पावरी भाषेत वाचून समजावून सांगितला, तिने तो बरोबर असल्याचे सांगितले.’ त्याखाली दुभाष्याचं पूर्ण नाव, गाव, सही, तारीख. हे नसेल तर आईला सांगा, अंगठा द्यायचा नाही. सुरतहून आलात की पहिल्यांदा शाळेत जा आणि दाखल्यावर शाळेचा शिक्का आहे ना, ते तिथेच पाहून घ्या.