चिखलातील वीज आणि गोठ्यातील दिवा

प्रश्न : चिखलातील जिवाणू वीज तयार करतात, असे वाचनात आले. हे खरे आहे का? असल्यास गोठ्यातील शेण-मूत्रावर घरचे दिवे लावता येतील का?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ आहे, दुसऱ्याचे, निदान आज तरी, ‘नाही’.

अन्नाच्या विघटनातून मोकळे होणारे इलेक्ट्रॉन आपल्या शरीरात शेवटी श्वासातील ऑक्सिजनकडे जातात. नदीच्या तळाशी, जिथे ऑक्सिजन पोहोचत नाही, तिथल्या काही जिवाणूंनी वेगळी सोय केली आहे : ते इलेक्ट्रॉन पेशीच्या बाहेर काढून गाळातील लोहाच्या ऑक्साइडला, म्हणजे एका परीने गंजाला, देतात. अमेरिकेतील पोटोमॅक नदीच्या गाळातून डेरेक लव्हली यांनी १९८७ मध्ये वेगळा केलेला जिओबॅक्टर हा त्यांपैकी सर्वांत अभ्यासलेला. गंजाच्या जागी ग्राफाइटचा इलेक्ट्रोड ठेवला, तर तो इलेक्ट्रॉन त्यालाही देतो. ते तारेतून हवेच्या संपर्कातील दुसऱ्या इलेक्ट्रोडकडे जातात आणि तिथे ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी बनते. पेशीबाहेर इलेक्ट्रॉन वाहून नेणाऱ्या प्रथिनांच्या सूक्ष्म तारांची रचना २०१९ मध्ये उलगडली, तिच्यात येल विद्यापीठातील निखिल मालवणकर यांच्या गटाचा मोठा वाटा होता. या तारांमध्ये लोहयुक्त ‘हीम’ रेणू एकापुढे एक रचलेले असतात. आपल्या हिमोग्लोबिनमध्येही याच कुळातला रेणू असतो.

अडचण आहे ती वीज किती मिळते यात. अशा एका घटाचा विद्युतदाब तत्त्वतः १.१ व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, परंतु प्रत्यक्ष वापरात तो बहुधा अर्ध्या व्होल्टच्या आतच राहतो. घट एकसरीत जोडले, तर त्यांतील एखाद्याला अन्न कमी पडताच त्याचे ध्रुव उलटू शकतात आणि साऱ्या मालिकेची शक्ती घटते. टाकी मोठी केली, तरी वीज त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून गोठ्यातील शेणासाठी गोबर गॅस हाच आज शहाणपणाचा मार्ग आहे.

मग उपयोग कुठे? जिथे वीज अगदी थोडी पण सतत हवी, तिथे. अमेरिकी नौदलाच्या संशोधकांनी पोटोमॅकच्याच तळातील गाळावर हवामान नोंदवणारा एक तरंगता बोया चालवून दाखवला. इंग्लंडमधील ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१५ मध्ये तिथल्या ग्लास्टनबरी संगीत महोत्सवातील मुतारीत मूत्रावर चालणारे एलईडी दिवे लावले. सांडपाणी शुद्धीकरणाकडूनही मोठी आशा आहे, आणि ती विजेच्या विक्रीची नसून बचतीची आहे, कारण प्रचलित पद्धतीत पाण्यात हवा सोडण्यावरच बरीच वीज खर्ची पडते. शिवाय पाण्यातील सेंद्रिय घाण वाढली की ठरावीक मर्यादेपर्यंत विद्युतप्रवाहही वाढत असल्याने हाच घट प्रदूषणमापक म्हणूनही वापरता येतो.

शाळेत प्रयोग करायचा असल्यास ओढ्यातील काळा गाळ, कार्बन फेल्टचे (कार्बनच्या तंतूंच्या जाड कापडाचे) दोन तुकडे, एक रोधक (रेझिस्टर) आणि मल्टिमीटर पुरेसे आहेत : एक तुकडा गाळात खोल पुरावा, दुसरा वरच्या पाण्यात पृष्ठभागालगत ठेवावा, दोन्हींमध्ये रोधक जोडावा आणि काही दिवस धीर धरावा. जस्ताचा खिळा व तांब्याची तार मात्र वापरू नये. समाजमाध्यमांवरील बऱ्याच ‘मातीच्या बॅटऱ्या’ याच जोडीवर चालतात. तिथे वीज जस्ताच्या झिजेतून येते, जिवाणूंचा तिच्याशी काही संबंध नसतो.