कॉलेजच्या पोरांना ड्रग्ज आणि ओव्हरडोसबद्दल नेमकं काय सांगावं?

तुम्ही विचारलंय की मंडळातल्या 18-22 वर्षांच्या पोरांसमोर ड्रग्जवर बोलायचंय, काय बोलू. मी नाशिकला कॉलेजात शिकवतो, एनएसएसचं पण बघतो, तर आधी एवढंच की कवटीचं पोस्टर आणि शपथ नको. 26 जूनला, अमली पदार्थ विरोधी दिनाला, दरवर्षी तेच होतं, पुढची रांग हात वर करते, मागची रील बघते. 'एकदा घेतलं की संपलास' म्हणालात तर त्यातल्या एखाद्याने एमडी (मेफेड्रोन, उत्तेजक ड्रग) घेऊन दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला आलेला मित्र बघितलेला असतो, मग तुमचं पुढचं सगळं त्याला थापाच वाटणार. आमच्याकडे शिंदे गावात 2023 ला एमडीचा कारखाना पकडला, पोरांना माहिती नाही असं समजूच नका.

त्यापेक्षा मित्र कोसळला तर काय करायचं ते शिकवा, कारण तेव्हा तिथे आईबाप नसतात, हीच पोरं असतात, आणि पोलिसांच्या भीतीने पळतात किंवा 'झोपू दे, सकाळी उतरेल' म्हणतात. गर्द (ब्राऊन शुगर), कोडीनचं खोकल्याचं सिरप, झोपेच्या गोळ्या आणि वर दारू, यात श्वास मंदावत जातो. ओठ-नखं निळी पडतात, घशातून घरघर येते, हलवलं तरी जाग येत नाही. लगेच 108 लावा, कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात अडकणार नाही, एकटं सोडू नका. मिठाचं पाणी, लिंबू, गार पाण्याच्या बादल्या यातलं काही नको (हे उपाय कोण पसरवतं देव जाणे). श्वास थांबला तर सीपीआर (छाती दाबणं, तोंडाने श्वास देणं), तो मंडळात एखाद्या डॉक्टरकडून करूनच घ्या. एमडीचं उलटं असतं, झोप उडते, अंग भयंकर तापतं, छाती धडधडते, झटके येतात, तिथे मोकळी हवा, ओलं फडकं आणि हॉस्पिटल.

डॉक्टरला काय घेतलंय ते खरं सांगायचं. ओव्हरडोस उतरवणारं नॅलोक्सोनचं इंजेक्शन गर्द-कोडीनसारख्या अफूच्या जातीच्या ड्रग्जवरच चालतं, एमडीवर नाही, आणि त्याचा असर तासाभरात ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आला की घरी न्यायचं नाही.

अजून एक, व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आलेल्या मित्राला जास्त धोका असतो, शरीराची सवय मोडलेली असते पण डोक्यात डोस जुनाच.

कोणाला सोडायचं असेल तर 14446 फ्री हेल्पलाइन आहे, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून आहे. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या 64ए कलमात थोड्या मालासाठी अडकलेल्या व्यसनी माणसाने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेतले तर खटल्यातून सूट मिळू शकते, हेही सांगा, पोरं याच भीतीने गप्प बसतात.